भिंगातून दिसलं, मग तुकडा कशाला?

पत्र

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उघड्यावर बसून भाजी विकली. त्यांच्या नाकाच्या उजव्या बाजूला, चमकीच्या जरा वर, चण्याच्या डाळीएवढा काळा चकचकीत उंचवटा आहे. आम्ही त्याला तीळच समजत होतो. गेलं वर्षभर तो वाढतोय. तोंड पुसताना मधूनच टॉवेलाला रक्ताचा ठिपका लागतो. खपली धरते, पडते, पुन्हा धरते. त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी दिवा असलेलं भिंग लावून पाहिलं, फोटो काढला आणि म्हणाले, "बेसल सेल कार्सिनोमा वाटतो, बहुधा नोड्युलर. बायोप्सी करू, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासू." घरी आल्यापासून गोंधळ आहे. दीर म्हणतात, सुरी लागली की कॅन्सर पसरतो. शेजारच्या वाड्यावर एक जण चुना आणि सोडा लावून तीळ जाळून देतो, सासूबाईंचा ओढा तिकडे. माझा मुलगा मोबाइलच्या ॲपवर फोटो टाकून बसलाय. ॲप एकदा 'धोका' म्हणतं, एकदा 'ठीक'. माझा प्रश्न साधा आहे. भिंगातून दोन मिनिटांत कळत असेल तर तुकडा कशाला काढायचा? आणि कळत नसेल तर डॉक्टरांनी प्रकारासकट नाव कसं घेतलं? सासूबाई म्हणतात, काय ते चतुर्थी झाल्यावर पाहू. त्यांना 'कॅन्सर' हा शब्द आम्ही अजून सांगितलेला नाही.

एक सून, डिचोली

उत्तर

ताई, आधी चुन्याचं बोलू. बाकी सगळ्याला थोडा वेळ आहे, त्याला नाही. चुन्याची निवळी आणि धुण्याचा सोडा एकत्र आले की कॉस्टिक सोडा तयार होतो. तो वरची कातडी जाळतो आणि उंचवटा सपाट होतो, म्हणून लोकांना वाटतं की काम झालं. खालच्या पेशी जिथल्या तिथेच राहतात, वर व्रण धरतो, आणि व्रणाखाली काय चाललंय ते पुढे भिंगातूनही धड दिसत नाही. साधा मस असा जाळला तर फार तर डाग राहील. वर्षभर वाढणारी, आपोआप रक्त येणारी गोष्ट जाळणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. बिब्बा, ॲसिड, औषधांच्या दुकानातली तिहेरी मलमं (स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र असलेली), सगळ्यांना हेच लागू. सासूबाईंना आज काही पटवायचं असेल तर एवढंच पटवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तो फार चांगला आहे, आणि त्याची दोन्ही टोकं एकाच वेळी खरी आहेत: डॉक्टरांनी नाव अंदाजपंचे घेतलेलं नाही, आणि तरीही तुकडा काढायलाच हवा. मी तो उंचवटा पाहिलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं तुमच्या वर्णनावर आणि त्यांनी उच्चारलेल्या दोन शब्दांवर बेतलेलं आहे.

बेसल सेल कार्सिनोमा हा जगात सर्वांत जास्त आढळणारा त्वचेचा कॅन्सर. गोऱ्या कातडीच्या देशांत तो इतका नेहमीचा आहे की तिथले लोक दाढ काढल्यासारखा तो काढून घेतात. आपल्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हाला बरंच अडवतं, म्हणून आपल्याकडे त्वचेचे सगळेच कॅन्सर कमी. कमी, म्हणजे नाहीतच असं नव्हे. आयुष्यभर उघड्यावर काम केलेल्या माणसांच्या नाकावर, गालावर, पापणीजवळ तो दिसतो. त्याचा स्वभाव सांगते. रक्तातून किंवा लसिका गाठींतून दूर जाणं त्याच्या बाबतीत अत्यंत विरळ. पण आपणहून तो थांबतही नाही. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं शेजारची कातडी, मग खालची कूर्चा, मग हाड असा सरकत राहतो. जीव सहसा जात नाही. नाक जाऊ शकतं. म्हणूनच नाक, पापण्या, ओठ, कान या जागा डॉक्टर 'जास्त धोक्याच्या' मानतात, डाग लहान असला तरी.

आपल्याकडचा खरा घोटाळा रंगाचा आहे. पुस्तकांत या कॅन्सरचं वर्णन गुलाबी, मोत्यासारखी झाक असलेली गाठ असं असतं. भारतीय कातडीत मात्र त्यात बहुधा रंगद्रव्य साठतं आणि तो काळा किंवा निळसर काळा दिसतो. मग घरातले त्याला तीळ म्हणतात, आणि कधीकधी डॉक्टरही. मी रुग्णाला सहसा रंग विचारतच नाही. मी विचारते: आपोआप रक्त येतं का? खपली धरून, पडून पुन्हा धरते का? साठीनंतर नवा आलेला, वाढणारा, टॉवेलाला रक्त लावणारा 'तीळ' तीळ नसतो, असं धरून चालावं. तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य मला तेच वाटलं.

तर ते भिंग. त्याचं नाव डर्मोस्कोप. साधारण दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि भोवती एलईडी दिवे. एवढंच असतं तर घड्याळजीचं भिंगही चाललं असतं. खरी करामत चकाकी घालवण्यात आहे. कातडीचा सगळ्यात वरचा मृत थर उजेड परत फेकतो, त्यामुळे उघड्या डोळ्यांना फक्त पृष्ठभाग दिसतो. मध्ये जेल किंवा स्पिरिट लावून काच टेकवली, किंवा प्रकाश ध्रुवीकृत केला, की ती चकाकी मरते आणि नजर आत उतरते: बाह्यत्वचा, तिची खालची सीमा आणि त्याखालच्या थराचा वरचा भाग. कापाकापी न करता.

आत उतरलं की रंगही वेगळं बोलू लागतात. मेलॅनिन एकच, पण ते किती खोल आहे त्यावर त्याचा रंग ठरतो. अगदी वर असेल तर काळं, जरा खाली तपकिरी, आणखी खाली करडं आणि निळं. प्रकाश आतल्या थरांत विखुरतो, त्याचा हा परिणाम. त्यामुळे भिंगात निळा गोळा दिसला की डॉक्टरांना कळतं की रंगद्रव्य भरलेल्या पेशींचा पुंजका खोलवर, जिथे तो असायला नको तिथे बसलाय.

ऑस्ट्रेलियातल्या मेन्झीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली रंगद्रव्ययुक्त बेसल सेलसाठी खुणांची एक पद्धत मांडली. ती आजही वापरली जाते, आणि ती तुम्हाला समजेल अशी आहे. पहिली अट नकारार्थी: तिळात जी तपकिरी बारीक जाळी दिसते, ती इथे दिसता कामा नये. जाळी नसेल, तर सहापैकी निदान एक खूण हवी. मोठे अंडाकृती निळे-करडे पुंजके. लहान निळे-करडे गोलक, पुष्कळ. कडेला पानाच्या खंडांसारखे फुगवटे. मध्ये गडद ठिपका आणि भोवती आरे, म्हणजे चाकासारखी आकृती. झाडासारख्या फांद्या फुटलेल्या ठळक लाल रक्तवाहिन्या. आणि व्रण, म्हणजे कातडी फुटून झालेली जखम.

यातल्या रक्तवाहिन्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मला स्वतःला सर्वांत भरवसा त्यांचा वाटतो. गाठीला पोसायला नव्या रक्तवाहिन्या येतात आणि त्या गाठीच्या अंगावरून, वरच्या बाजूने पसरतात. म्हणून भिंगात त्या धूसर न दिसता अगदी रेखीव दिसतात: एक जाड खोड, त्यातून बारीक, आणखी बारीक फांद्या. दुसऱ्या आजारांत रक्तवाहिन्या दिसत नाहीत असं नाही, पण इतक्या रेखीव आणि अशा फुटणाऱ्या क्वचित. मात्र भिंग जोरात दाबलं की त्या रित्या होऊन अदृश्य होतात. तुमच्या डॉक्टरांनी हात हलका ठेवला होता का, हे पुढच्या खेपेला गंमत म्हणून पाहा. काळसर कातडीत रंगद्रव्याच्या पडद्यामागे या रक्तवाहिन्या लपतातही. तेव्हा निळे पुंजके जास्त उपयोगी पडतात.

आता 'नोड्युलर' हा शब्द कुठून आला. बेसल सेलचे प्रकार अनेक आणि भिंगातली त्यांची चित्रंही वेगळी. नोड्युलर म्हणजे गाठीचा. पेशींचे मोठे पुंजके खाली साचलेले, म्हणून भिंगात मोठे निळे अंडाकृती गोळे, जाड फांद्यांच्या रक्तवाहिन्या आणि बऱ्याचदा मधोमध व्रण. चकचकीत उंचवटा आणि वारंवार खपली हे तुमचं वर्णन याच्याशी जुळतं.

दुसरा सुपरफिशियल, म्हणजे वरवरचा. हा बहुधा पाठीवर, छातीवर, हातापायांवर चपटा चट्टा होऊन राहतो. त्याच्या पेशी बाह्यत्वचेला खालून चिकटून असतात, त्यामुळे निळ्यापेक्षा तपकिरी-करड्या खुणा जास्त: पानासारखे फुगवटे, चाकं, बारीक आखूड रक्तवाहिन्या, ठिकठिकाणी टाचणीच्या टोकाएवढ्या खपल्या, आणि लालसर-पांढरी चमकदार पार्श्वभूमी. गोव्याच्या दमट हवेत चट्टा दिसला की तो गजकर्णच ठरवला जातो आणि मलमामागून मलम सुरू होतं. चार-सहा आठवडे बुरशीचं औषध नीट लावूनही जो चट्टा हलत नाही, त्यावर भिंग धरलंच पाहिजे.

तिसरा मला धास्ती वाटावी असा: आत झिरपणारा, आणि त्याचाच भाऊ मॉर्फीफॉर्म. त्याला ना धड रंग, ना उंचवटा. जुन्या व्रणासारखा फिकट, किंचित ताठ डाग. शेतातला लव्हाळा जसा वर दोन पाती दाखवतो आणि जमिनीखाली वावभर पसरलेला असतो, तसा हा. भिंगात पांढुरकी, आकारहीन पार्श्वभूमी आणि त्यावर विरळ, बारीक, कमी फांद्यांच्या रक्तवाहिन्या, एवढंच हाती लागतं. याची कड डोळ्यांना दिसते तिथे संपत नाही. चौथा बेसोस्क्वेमस, ज्यात दुसऱ्या एका कॅन्सरचे गुण मिसळलेले असतात. त्यात बेसल सेलच्या खुणांबरोबर शिंगद्रव्याचे, म्हणजे नखांत असतं त्या केराटिनचे, पिवळट-पांढरे गठ्ठे दिसतात आणि तो जास्त आक्रमक वागतो.

प्रकार कळल्याने काय होतं, तर उपचार बदलतो. पाठीवरच्या पातळ, वरवरच्या प्रकाराला कधी इमिक्विमॉड नावाचं मलम चालतं, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. घरात कोणीतरी विचारणारच की मग आपल्याला मलम का नाही, म्हणून आकडे देते. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत कमी धोक्याच्या बेसल सेलवर मलम आणि शस्त्रक्रिया यांची तुलना केली. पाच वर्षांनी मलमाचं यश ८२.५ टक्के, शस्त्रक्रियेचं ९७.७. नाकावरच्या गाठीच्या प्रकाराला मी मलमाच्या भरवशावर सोडणार नाही.

शस्त्रक्रियेचंही गणित प्रकारावर चालतं. लहान, स्पष्ट कडेच्या नोड्युलर गाठीभोवती साधारण ४ मिलिमीटर निरोगी दिसणारी कातडी घेऊन ती काढतात. सासूबाईंची गाठ ६ मिलिमीटर धरली तर दोन्ही बाजूंनी चार-चार मिळून १४ मिलिमीटरची जागा झाली. नाकावर एवढी जागा सरळ टाके घालून मिटत नाही. शेजारची कातडी वळवून आणावी लागते. आणि प्रकार झिरपणारा निघाला तर चार मिलिमीटरही पुरत नाहीत. तेव्हा सर्जनने सुरी हातात घेण्याआधी हे माहीत असणं सासूबाईंच्या नाकासाठी महत्त्वाचं आहे. कड आखतानाही पुष्कळ सर्जन डर्मोस्कोप लावून मार्करने रेघ मारतात.

मग भिंगावर किती विसंबायचं? कॉक्रेन या संस्थेने जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१८ साली आढावा प्रसिद्ध केला. निरोगी डागाला चुकून कॅन्सर ठरवण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखं, शंभरात २०, धरलं, तर समोर बसलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी नुसत्या डोळ्यांनी तपासलं की शंभरातले ७९ बेसल सेल सापडतात आणि डर्मोस्कोपने ९३. फरक मोठा आहे. तरी त्यात सात सुटतात, आणि वीस निरोगी डागांवर उगाच शिक्का बसतो. नाकावर सुरी चालवण्यासाठी मला एवढा हिशेब पुरत नाही.

फसवणारेही काही कमी नाहीत. उतारवयात चेहऱ्यावर येणारे काळे, मेण चिकटवल्यासारखे मस सर्वांत जास्त फसवतात. त्यांत पांढरे चमकणारे ठिपके आणि काळी छिद्रं दिसतात, निळे पुंजके नाहीत. जुना उंच तीळ मऊ असतो आणि त्यात स्वल्पविरामासारख्या वाकड्या रक्तवाहिन्या असतात. नाकावर कातडीचा क्षयरोगही होतो, तो भिंगात पिवळट-नारिंगी दिसतो. आणि मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, तो खरा धोकादायक. रंगद्रव्ययुक्त बेसल सेल कधीकधी हुबेहूब त्याचं सोंग घेतो. या दोघांचे उपचार अगदी निराळे, आणि गल्लत परवडणारी नाही. तुकड्याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण आधीच अर्धं सांगून झालंय. एकाच गाठीत दोन प्रकार नांदतात, असं पुष्कळदा होतं: वर नोड्युलर आणि एका कोपऱ्यात खाली झिरपणारा. डर्मोस्कोप रुंदी दाखवतो, सगळा पृष्ठभाग एका नजरेत. तुकडा खोली दाखवतो, पण फक्त जिथून घेतला तिथली. म्हणून दोन्ही हवेत, आणि भिंग आधी हवं. तुकडा कुठून घ्यायचा ते भिंगच सांगतं. आंधळेपणाने मधल्या खपलीतून घेतला तर अहवालात नुसती जखम आणि सूज येते, कॅन्सर हुकतो, आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकून वर्षभर गप्प बसतात. कुठे कुठे लहान, अगदी ठराविक खुणांची गाठ बायोप्सीची वाट न पाहता पूर्ण काढतात आणि मग तपासायला पाठवतात. पोटरीवर ते ठीक आहे, नाकावर मी करणार नाही.

दिरांना काय सांगाल? त्यांची भीती आकाशातून पडलेली नाही. आपल्याकडे बरेच कॅन्सर इतके उशिरा डॉक्टरकडे येतात की सुरी लागल्यावर काही महिन्यांत माणूस जातो, आणि दोष सुरीला मिळतो. दोष उशिराचा असतो. बेसल सेलमध्ये तुकडा घेतल्याने रोग पसरत नाही. करायचं काय असतं, तर जागा बधिर करण्याचं इंजेक्शन, तेवढंच काय ते दुखतं, मग ३ किंवा ४ मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने छोटासा तुकडा, एखादा टाका, पट्टी. नाकाला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे रक्त जरा जास्त येतं आणि दाबून धरलं की थांबतं. त्याच दिवशी घरी. हवं तर दिरांनाच बरोबर न्या. खोलीबाहेर थांबून जेवढी भीती वाढते, तेवढी आत बसून वाढत नाही.

अहवाल आला की त्यात तीन गोष्टी शोधा आणि नसतील तर विचारा: प्रकार कोणता, किती खोल गेलाय, आणि मज्जातंतूंच्या कडेने पेशी सरकलेल्या दिसतात का. पुढे गाठ पूर्ण काढल्यावरच्या अहवालात आणखी एक: कडा मोकळ्या आहेत का. नुसतं 'बेसल सेल कार्सिनोमा' एवढे तीन शब्द लिहिलेला अहवाल माझ्या मते अर्धा अहवाल आहे.

झिरपणारा प्रकार निघाला, तर डॉक्टर 'मोज सर्जरी'चं नाव काढतील. अमेरिकेतल्या फ्रेडरिक मोज यांनी १९३०च्या दशकात ही पद्धत सुरू केली. पातळ चकती काढायची, तिची सगळी कड आणि तळ लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा, जिथे पेशी उरल्या असतील तेवढ्याच जागेवर पुन्हा काढायचं. निरोगी कातडी कमीत कमी जाते. भारतात ही सोय थोड्याच ठिकाणी आहे, त्यासाठी मुंबई किंवा बंगळूरचा विचार करावा लागू शकतो. पण ती गरज अहवालानंतर ठरेल, आत्तापासून तिकिटं काढू नका. गाठ साधी नोड्युलर असेल तर बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात त्वचा विभाग, प्लास्टिक सर्जरी आणि पॅथॉलॉजी एकाच आवारात आहेत. दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं, कार्ड असेल तर ते नेऊन खर्चातलं काय त्यात बसतं हे आधीच विचारून घ्या. खासगीत करायचं असलं तरी बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, आणि त्याच्या काचा आपल्या ताब्यात घेता येतात. त्या मागून घ्या. दुसरं मत हवं झालं तर पुन्हा सुई नको.

ॲपचं थोडक्यात. मोबाइलच्या कॅमेऱ्याला चकाकी दिसते, आतलं दिसत नाही. शिवाय अशी पुष्कळ ॲप्स प्रामुख्याने गोऱ्या कातडीच्या फोटोंवर शिकलेली असतात. काळ्या बेसल सेलसमोर ती गांगरतात. एकाच डागाला दोन उत्तरं मिळाली, हे तुमच्या मुलाला पुरेसं असावं. त्याची हौस मोडू नका मात्र. डॉक्टरांनी भिंगातून काढलेला फोटो मागून घ्या, आणि घरी दर महिन्याला, तशाच उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून एक फोटो काढायचं काम त्याला द्या. आजीच्या कातडीवर बाकी कुठे नवं काही येतंय का, हे नोंदवणारा घरात कोणीतरी हवाच. एकदा एक झाला की दुसरा होण्याची शक्यता वाढते.

त्याच कारणासाठी पुढच्या भेटीत पूर्ण अंगाची तपासणी मागा. पाठ, कानामागे, टाळू. तळपायही. भारतीय लोकांत मेलॅनोमा उन्हाच्या जागी कमी आणि तळपायावर, नखाखाली जास्त सापडतो, आणि तिथे कोणीच पाहत नाही. तळहातांवर टणक बारीक खडे असतील तर तेही दाखवा. पूर्वी काही गावठी औषधांत सोमल, म्हणजे आर्सेनिक, असायचं. अशी औषधं सासूबाईंनी कधी दीर्घकाळ घेतली असतील तर डॉक्टरांना सांगा, कारण आर्सेनिक वर्षानुवर्षांनी ठिकठिकाणी बेसल सेल उठवतं.

उन्हाबद्दल व्याख्यान देत नाही. साठ वर्षांचं ऊन खाऊन झालंय. यापुढे डोक्यावर रुंद काठाची टोपी किंवा छत्री आणि दुपारी सावली. महागडं सनस्क्रीन परवडलं तर लावा, पण त्यासाठी औषधांचे पैसे खर्च करू नका.

सासूबाईंना सांगायचं की नाही हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी पत्राच्या शेवटच्या ओळीमुळे लिहिते. सांगा. मोघम 'गाठ' म्हटलं तर त्यांना ते चुन्याने जाण्यासारखं वाटणारच. त्यांना सांगा, हा कॅन्सरच्या जातीतला आहे असं डॉक्टरांना वाटतं, दूर पसरत नाही, काढला की बहुतेक वेळा सुटका होते, ठेवला तर नाक खातो. बाजारात उभा जन्म भाव ठरवत काढलेली बाई आहे. तिला फायदा-तोटा समजतो. लपवलेलं मात्र कळल्यावर ती तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही.

आणि चतुर्थी. हा रोग आठवड्यांनी नव्हे, महिन्यांनी वाढतो. गणपती पंधरा-वीस दिवसांवर असतील आणि त्यांना माटोळी बांधायची असेल, तर बांधू द्या. पण बायोप्सीची तारीख आजच घ्या, कागदावर लिहून. 'चतुर्थीनंतर' मग दसऱ्यानंतर होतं, मग दिवाळीनंतर, आणि त्यातच वर्ष जातं, जसं मागचं गेलं. मध्ये गाठ झपाट्याने वाढली, रक्त दाबूनही थांबेना किंवा नाकाच्या आत जखम झाली, तर सण बाजूला ठेवा.

बायोप्सीला जाताना चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी सुरू असेल तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना आधी फोन करून सांगा. छोट्या बायोप्सीसाठी बहुधा बंद करावी लागतच नाही. साखर आणि रक्तदाब अलीकडे तपासलेला नसेल तर गावच्या आरोग्य केंद्रात आदल्या आठवड्यात तपासून घ्या. इंजेक्शनची पूर्वी कधी ॲलर्जी आली असेल तर तेही त्याच कागदावर लिहा.